उष्ण हवेची तळणी : घरगुती एअर फ्रायर आणि ऊर्जेचा हिशेब

सन २०२२ च्या फेब्रुवारीत रशियाने युक्रेनवर आक्रमण केले आणि युरोपातील नैसर्गिक वायूचे भाव, जे आधीच चढत होते, ते अभूतपूर्व पातळीवर जाऊन पोचले. त्याची झळ ब्रिटनमधील सामान्य कुटुंबास थेट चुलीपाशी लागली. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये तेथील नियामक संस्थेने, ऑक्टोबरपासून एका सर्वसाधारण कुटुंबाच्या वीज व वायूच्या वार्षिक देयकाची कमाल मर्यादा ३,५४९ पौंड राहील, असे जाहीर केले. तेव्हा सरकारला हस्तक्षेप करून ती २,५०० पौंडांच्या आसपास रोखून धरावी लागली. तरीही १ ऑक्टोबर २०२२ पासून विजेच्या एका युनिटास सुमारे ३४ पेन्स आणि वायूच्या तेवढ्याच ऊर्जेस सुमारे १०.३ पेन्स द्यावे लागू लागले. ह्याच हिवाळ्यात त्या देशात एक उपकरण हातोहात खपले. ते म्हणजे एअर फ्रायर होय. पूर्वी जे उपकरण आरोग्याची काळजी वाहणाऱ्यांचे कौतुक म्हणून विकले जाई, ते आता इंधन वाचविण्याचे साधन म्हणून घरात येऊ लागले.

हा लौकिक पुढे भारतातही येऊन पोचला असून, ‘एअर फ्रायर विजेची बचत करतो’ हे विधान येथील विक्रेत्यांच्या तोंडीही ऐकू येते. विधान सर्वस्वी खोटे नाही. परंतु ते अर्धे आहे. कोणतेही उपकरण स्वतःच्या अंगी काटकसरी नसते. ते घरातील कोणत्या दुसऱ्या उपकरणाची जागा घेते, ह्यावर त्याची काटकसर अवलंबून असते. ब्रिटनमध्ये एअर फ्रायरने विजेच्या ओव्हनची जागा घेतली. महाराष्ट्रात तो ज्याची जागा घेऊ पाहतो, ती गॅसच्या शेगडीवरील कढई आहे. ह्या एका फरकाने सारा हिशेब पालटतो. तो कसा, हे आकड्यांच्या आधारे पाहणे उपयुक्त होईल.

प्रथम उपकरणाची रचना ध्यानात घ्यावी. एअर फ्रायर म्हणजे वस्तुतः एक लहानसा, पंखा बसविलेला ओव्हन आहे. वरच्या भागी विजेचे तापणारे वेटोळे असते, त्याच्या डोक्यावर पंखा असतो आणि खाली जाळीदार तळाची टोपली असते. पंखा तापलेली हवा वेगाने खाली ढकलतो. ती पदार्थांच्या फटींतून आणि जाळीखालून फिरून कडेने पुन्हा वर ओढली जाते. ह्या तत्त्वात नवे असे फारसे काही नाही. विमानप्रवासात गोठविलेले जेवण झटपट गरम करता यावे म्हणून विल्यम मॅक्सन नामक अमेरिकन संशोधकाने १९४० नंतरच्या दशकात पंख्याचा छोटा ओव्हन तयार केला होता. आजच्या स्वरूपाचे घरगुती उपकरण फ्रेड व्हान देर वेय ह्या डच संशोधकाच्या प्रयत्नांतून आले आणि फिलिप्स कंपनीने ते २०१० मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात लोकांपुढे मांडले. तळलेल्या बटाट्याच्या कापांवर ज्या देशाचे विशेष प्रेम, त्या देशात कमी तेलातल्या कापांचा शोध लागावा, हे स्वाभाविकच म्हटले पाहिजे.

‘फ्रायर’ हे नाव मात्र दिशाभूल करणारे आहे. तळणे आणि भाजणे ह्यांतील भेद केवळ चवीचा नसून उष्णता कोणत्या माध्यमातून आणि किती वेगाने पदार्थात शिरते, ह्याचा आहे. १८० अंश सेल्सिअसचे तेल आणि १८० अंशांची हवा ह्यांचे तापमान सारखे असले, तरी तेल पदार्थाच्या पृष्ठभागास हवेच्या कित्येक पट वेगाने उष्णता देते. स्थिर हवा तर उष्णतेच्या बाबतीत अगदीच कंजूष असते, कारण पदार्थाभोवती तिचा एक थंडसर थर चिकटून राहतो आणि नव्या उष्ण हवेस तो अंगाशी येऊ देत नाही. पंख्याचा झोत हा थर सतत खरवडून काढतो. एअर फ्रायरचे सारे रहस्य ह्या खरवडण्यात आहे. त्यामुळे साध्या ओव्हनपेक्षा त्यात पदार्थ लवकर होतो व त्याची वरची कड चांगली सुकून खरपूस होते. पण तेलाची बरोबरी त्यासही साधत नाही. पुरी तेलात टाकताच काही क्षणांत टम्म फुगते, ती तिच्या दोन्ही पापुद्र्यांना एकदम मिळणाऱ्या उष्णतेमुळे. हवेत तीच पुरी हळूहळू वाळत जाते आणि तिच्यातील वाफ एकवटण्यापूर्वीच निसटते. भज्यांची गोष्ट तर बोलावयासच नको. डाळीच्या पिठाचे सैल आवरण तेलात पडताक्षणी थिजते. एअर फ्रायरच्या टोपलीत ते जाळीतून खाली गळते. बटाटेवडाही ह्याच कारणाने वगळावा लागतो. उलट, आधी वाफवून घेतलेली अळूवडी वा कोथिंबीर वडी, सुरणाचे वा बटाट्याचे काप, माशाचे रवा लावलेले तुकडे, शेंगदाणे, मखाणे अशा घट्ट अंगाच्या जिनसा त्यात चांगल्या होतात.

आता ऊर्जेकडे वळू. उदाहरणादाखल सोललेल्या अर्धा किलो बटाट्याचे काप घ्यावेत. बटाट्यात वजनाच्या सुमारे चार पंचमांश पाणी असते. २५ अंशांपासून १०० अंशांपर्यंत हे काप तापविण्यास सुमारे १३० किलोजूल उष्णता लागते. त्यानंतर काप खरपूस होईपर्यंत त्यांतील सुमारे २०० ग्रॅम पाण्याची वाफ व्हावी लागते. पाण्याची सुप्त उष्णता मोठी, म्हणजे किलोग्रॅमला सुमारे २,२६० किलोजूल असल्यामुळे ह्या वाफेपायी आणखी ४५० किलोजूल खर्च होतात. एकूण ५८० किलोजूल, म्हणजे विजेच्या भाषेत ०.१६ युनिट. काप कशातही करा, ही किंमत चुकत नाही. पाणी घालविल्याशिवाय कुरकुरीतपणा येत नाही आणि पाणी घालविण्यास निसर्ग सवलत देत नाही. उपकरणाउपकरणांत जो फरक पडतो, तो ह्या अपरिहार्य खर्चाच्या वर होणाऱ्या उधळपट्टीत.

ही उधळपट्टी कोठे होते? ‘ओव्हनमध्ये पुष्कळ हवा तापवावी लागते, एअर फ्रायरमध्ये थोडी’, असे स्पष्टीकरण सर्रास दिले जाते. ते टिकणारे नाही. ६५ लिटरच्या ओव्हनमध्ये हवा असते जेमतेम ८० ग्रॅमच्या आत. तिला २०० अंशांपर्यंत नेण्यास १४ किलोजूलही लागत नाहीत. इतकी उष्णता काही सेकंदांत पुरविली जाते. खरा खादाड आहे तो ओव्हनचा लोखंडी देह. आतील भिंती, जाळ्या, तबके असे दहा किलोग्रॅम पोलाद तापवावयाचे म्हटले, तर त्यासच सुमारे ८०० किलोजूल लागतात. बटाट्यास लागणाऱ्या उष्णतेपेक्षा ओव्हनचाच नैवेद्य मोठा! शिवाय मोठ्या पृष्ठभागातून, दाराच्या काचेतून आणि वाफ बाहेर सोडणाऱ्या झरोक्यातून तासभर उष्णता झिरपत असते, ती वेगळीच. एअर फ्रायरच्या तापणाऱ्या भागाचे वजन दीड-दोन किलोग्रॅमच असल्याने त्याची भूक सुमारे १२० ते १६० किलोजूलांत भागते. पृष्ठभाग लहान, आणि काम वीस-बावीस मिनिटांत आटोपते.

ह्या साऱ्याची बेरीज केली असता अर्धा किलो कापांसाठी विजेच्या ओव्हनला, आगाऊ तापविण्याचा काळ धरून, ०.८ ते १ युनिट आणि एअर फ्रायरला ०.४ युनिटच्या आसपास वीज लागते, असा अंदाज निघतो. ओव्हनच्या बाबतीत हा अंदाज युरोपातील अधिकृत चाचणीशी ताडून पाहता येतो. ती चाचणी मोठी गमतीची आहे. ओव्हनची ऊर्जाक्षमता मोजताना त्यात खाद्यपदार्थ ठेवीत नाहीत. सुमारे एक लिटर पाणी प्यायलेली, थंड केलेली एक सच्छिद्र वीट ठेवतात आणि तिच्या मध्याचे तापमान ५५ अंशांनी वाढेपर्यंत किती वीज लागली ते नोंदतात. सर्वसाधारण विजेच्या ओव्हनसाठी हा आकडा ०.७ ते ०.९ युनिटच्या घरात येतो. युरोपीय संघाच्या २०१४ च्या नियमानुसार तेथील ओव्हनवर ऊर्जेची अंकपट्टी लावावी लागते. परंतु १८ किलोग्रॅमपेक्षा कमी वजनाचे, हलविता येण्याजोगे ओव्हन ह्या नियमातून वगळलेले आहेत. त्यामुळे ज्या उपकरणाची ख्यातीच मुळी ऊर्जाबचतीवर उभी आहे, तेच ह्या मोजमापाबाहेर राहिले आहे.

ब्रिटिश गृहिणीचा २०२२ च्या हिवाळ्यातील हिशेब असा मांडता येईल. ओव्हनमध्ये ०.९ युनिट, म्हणजे सुमारे ३१ पेन्स. एअर फ्रायरमध्ये ०.४ युनिट, म्हणजे सुमारे १४ पेन्स. प्रत्येक वेळी बचत १७ पेन्सची. उपकरणास १०० पौंड पडले असतील, तर रोज वापरले असता सुमारे एक वर्ष सात महिन्यांनी ते फिटते. हे काही वाईट नाही. पण ज्या घरात वायूवर चालणारा ओव्हन होता, तेथे काय झाले? वायूचा ओव्हन ऊर्जा अधिक खातो, सुमारे दीड युनिटइतकी; तथापि वायू विजेच्या एक तृतीयांशाहूनही कमी दराने मिळत असल्याने त्याचा खर्च १५ पेन्सच होतो. म्हणजे त्या घरात एअर फ्रायरने ऊर्जा वाचविली, पैसा मात्र जवळजवळ काहीच नाही. शिवाय मोठ्या कुटुंबाच्या बाबतीत आणखी एक अट आड येते. टोपलीत पदार्थाचा एकच पातळ थर असेल तरच वारा त्यातून खेळतो. खच्चून भरल्यास खालचे काप वाफेतच शिजतात. पाच माणसांच्या जेवणास दोन-तीन घाणे काढावे लागले की ०.४ चे ०.८ नि १.२ होतात, आणि एकाच वेळी तीन तबके भरून ठेवलेला ओव्हन पुन्हा स्वस्त ठरतो. एअर फ्रायर हे मूलतः एकदोन माणसांच्या घराचे उपकरण आहे. पाश्चात्त्य देशांत अशी घरे पुष्कळ आहेत, हेही त्याच्या लोकप्रियतेचे एक कारण समजावे.

आता महाराष्ट्रातील घर. येथे विजेचा मोठा ओव्हन क्वचित् आढळतो. काप कढईतच तळले जातात. कढईचा हिशेब करताना तीन गोष्टी धरावयास हव्यात. कापांचे अपरिहार्य ५८० किलोजूल. अर्धा लिटर तेल व दीड किलोग्रॅमची लोखंडी कढई १८० अंशांपर्यंत नेण्याचे सुमारे २५० किलोजूल. आणि तळण चालू असताना तेलाच्या उघड्या पृष्ठभागावरून निघून जाणारे दीडशेच्या आसपास. एकूण ९८० किलोजूल. घरगुती गॅस शेगडीची कार्यक्षमता भारतीय मानकानुसार किमान ६८ टक्के असावी लागते. परंतु तो आकडा प्रयोगशाळेतील पाण्याच्या पातेल्याचा आहे. गोल बुडाच्या कढईखाली, वाऱ्याच्या झुळकीत ती निम्म्यावर आली, असे धरणे अधिक सुरक्षित. मग सुमारे १,९६० किलोजूल ऊर्जेचा, म्हणजे ४३ ग्रॅम गॅस जळतो. एप्रिल २०२५ मध्ये मुंबईत १४.२ किलोग्रॅमच्या टाकीचा दर सुमारे ८५३ रुपये झाला. त्या दराने हा गॅस २ रुपये ६० पैशांचा होतो.

एअर फ्रायरचे ०.४ युनिट कितीला पडते, हे घरच्या देयकाच्या टप्प्यावर ठरेल. महावितरणचे घरगुती दर टप्प्याटप्प्यांचे आहेत. पहिल्या शंभर युनिटांचा दर कमी आणि त्यापुढचा एकदम बराच अधिक. नवे उपकरण घरात येते तेव्हा त्याची वीज ह्या चढणीच्या शेवटच्या पायरीवर मोजावी लागते, सरासरीवर नव्हे, ही गोष्ट पुष्कळदा नजरेआड होते. सर्व आकार धरून युनिटास सहा रुपये पडत असतील, तर खर्च २ रुपये ४० पैसे येईल. दहा रुपये पडत असतील, तर चार रुपये. म्हणजे कमी वीज वापरणाऱ्या घरात एअर फ्रायर गॅसच्या बरोबरीस येतो, जास्त वापरणाऱ्या घरात महाग पडतो. इंधनाच्या खर्चात बचत म्हणावी अशी कोठेच नाही.

ऊर्जेचा प्रश्न घराच्या उंबरठ्यावर संपत नाही. भारतातील बहुतांश वीज आजही कोळशापासून होते आणि एका युनिटामागे सरासरी सुमारे ०.७ किलोग्रॅम कार्बन डायऑक्साइड वातावरणात जातो. त्या मानाने ०.४ युनिटाचे २८० ग्रॅम होतात. ४३ ग्रॅम गॅस जळला असता सुमारे १३० ग्रॅम. याचा अर्थ असा की, ज्या उपकरणाकडे ब्रिटनमध्ये पर्यावरणाचा मित्र म्हणून पाहिले गेले, तेच कोळशाच्या विजेवर चालविले असता कढईच्या दुपटीहून अधिक धूर सोडते. फक्त तो धूर स्वयंपाकघरात न दिसता चंद्रपूर-कोराडीच्या धुराड्यांतून निघतो. सौर व पवन विजेचा वाटा वाढेल तसतसे हे प्रमाण बदलत जाईल. छतावर सौर पट्ट्या असलेल्या घरात दुपारी वापरलेल्या एअर फ्रायरला तर हा आक्षेप आजही लागू पडत नाही.

असे असता, भारतीय घरात ह्या उपकरणास काही अर्थ उरतो काय? उरतो, पण तो इंधनाच्या नव्हे, तेलाच्या खात्यात. कढईतून निघालेल्या तीनशे-साडेतीनशे ग्रॅम कापांत सुमारे ४० ग्रॅम तेल शोषलेले असते. गंमत अशी की, हे तेल बव्हंशी तळताना शिरत नाही. तळण चालू असेतो आतून जोराने निघणारी वाफ तेलास बाहेर थोपवून धरते. झाऱ्याने काप वर काढले, ते निवू लागले आणि आतील वाफ विरली, की पृष्ठभागावरचे तेल छिद्रांत ओढले जाते. एअर फ्रायरमध्ये कापांना दहा ग्रॅम तेल चोळले तरी पुरते. बचत ३० ग्रॅमची. तेलाचा भाव लिटरला दीडशे रुपये धरला, तर ती सुमारे पाच रुपयांची झाली. वीज महाग असलेल्या घरातही इंधनाचा जादा खर्च वजा जाता साडेतीन रुपये हाती राहतात. शिवाय ह्या ३० ग्रॅम तेलात खाणाऱ्याच्या पोटी जाणारी सुमारे २७० किलोकॅलरी, म्हणजे १,१३० किलोजूल ऊर्जा असते. काप शिजविण्यास लागणाऱ्या उष्णतेच्या जवळजवळ दुप्पट! तळणाच्या हिशेबात तेल हेही एक इंधनच आहे, आणि तेच सर्वांत महागडे आहे.

कढईत उरणाऱ्या तेलाचा प्रश्न ह्याहून नाजूक. ते फेकून द्यावयास जीव होत नाही, म्हणून पुन्हा पुन्हा तापविले जाते; प्रत्येक वेळी त्यात ध्रुवीय संयुगांचे प्रमाण वाढत जाते. भारतीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून त्यावर २५ टक्क्यांची मर्यादा घातली आहे. परंतु ती मर्यादा उपाहारगृहांत तपासता येते, घरोघरी तपासणार कोण? देशाच्या दृष्टीनेही तेल वाचणे लहान गोष्ट नव्हे. भारत आपल्या गरजेच्या निम्म्याहून अधिक खाद्यतेल आयात करतो. एप्रिल २०२२ च्या अखेरीस इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात सुमारे तीन आठवडे बंद केली, तेव्हा ह्या परावलंबनाची जाणीव किराणा दुकानापर्यंत पोचली होती.

मात्र येथेही मर्यादा सांगितली पाहिजे. उपकरण पाच हजार रुपयांचे असेल आणि दर वेळी साडेतीन रुपये वाचत असतील, तर ते फिटण्यास चौदाशेहून अधिक वेळा वापरावे लागेल. आठवड्यातून दोनदा तळण होणाऱ्या घरात ह्याला सुमारे चौदा वर्षे लागतील. तेवढे त्या पंख्याचे आयुष्य असेल असे मानण्यास आधार नाही. ज्या घरात तळण क्वचितच होते, तेथे तर ही खरेदी काटकसर म्हणून मुळीच समर्थनीय नाही. पापडासाठी एअर फ्रायर घेणाऱ्यांस तर, पापड निखाऱ्यावर वा आचेवर भाजण्याची बिनतेली रीत घरात पूर्वापार आहे, ह्याची आठवण द्यावी लागेल. तेल कमी झाले म्हणजे सारे निर्धोक झाले, असेही नव्हे. पिष्टमय पदार्थ कडक भाजले असता त्यांत ॲक्रिलामाइड नावाचे अपायकारक द्रव्य तयार होते, हे २००२ मध्ये स्वीडनमध्ये उघडकीस आले. ते तेलावर नव्हे, तर तापमान व करपण्यावर अवलंबून असते. म्हणून काप सोनेरी असतानाच काढावेत.

जोडणीविषयी एक सूचना आवश्यक आहे. १,५०० वॉटचे उपकरण २३० व्होल्टच्या विजेवर साडेसहा अँपिअर प्रवाह ओढते. भारतीय घरांतील लहान खोबणी सहा अँपिअरसाठी असते. तेव्हा एअर फ्रायर सोळा अँपिअरच्या मोठ्या खोबणीवरच लावावा. लांबण लावून मिक्सरच्या जोडीला तो चालविणे धोक्याचे आहे.

खोक्यावर छापलेल्या वॉटच्या आकड्यावरून प्रत्यक्ष खर्च कळत नाही, कारण टोपली तापल्यावर तापनियंत्रक वेटोळ्याची वीज मधूनमधून तोडीत असतो. खरा आकडा काढण्याची सोय मात्र प्रत्येक घरात आहे. आजच्या वीजमीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो आणि एका युनिटास तो किती वेळा लुकलुकतो, ती संख्या मीटरच्या दर्शनी भागावर छापलेली असते. ती ३,२०० असेल, तर ०.४ युनिटास १,२८० लुकलुकी व्हावयास हव्यात. घरातील इतर सर्व उपकरणे बंद ठेवून, एक घाणा होईपर्यंत मीटरवरील आकड्यातील फरक टिपावा; मीटर दशांशापर्यंत आकडा दाखवीत नसेल, तर दर दोन मिनिटांनी पंधरा सेकंद लुकलुकी मोजून सरासरी काढावी. पुढच्या खेपेस तेवढेच काप कढईत तळावेत, आणि शेगडीवर ठेवण्यापूर्वीचे व तळण संपल्यानंतरचे तेल काट्यावर तोलून पाहावे.